घरात फोन एक, गेम दोन: डिंभ्याच्या खोऱ्यात मोबाईल मुलांना शिकवतो की लुटतो?

डिंभे धरणाच्या पाणलोटात, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात अशी अनेक घरं आहेत जिथे स्मार्टफोन एकच असतो. त्याच फोनवर वडिलांचं यूपीआय, आईचे बचत गटाचे मेसेज, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि मुलांचे गेम. रात्री जेवणं झाली की फोन मुलांच्या हातात जातो. मग घरोघरी ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: 'ठेव तो मोबाईल, अभ्यास कर.'

पण आता अभ्यासही त्याच मोबाईलवर आहे. पाढे, वाचन, इंग्रजी शब्द यांचे ॲप गेमसारखेच असतात. तारे मिळतात, लेव्हल वाढते, चुकलं की पुन्हा खेळता येतं. आणि बंदुकीच्या गेममध्येही नेमकं हेच होतं. मग पालकांनी फरक ओळखायचा कसा?

थोडक्यात काय?

• गेममधून मुलं शिकू शकतात, याचे ठोस पुरावे आहेत. पण केवळ यंत्र हातात दिल्याने शिकणं होत नाही.
• 'फुकट' गेम पैसे कमावतो कसा, हे कळलं की तो मुलाला का सोडत नाही तेही कळतं.
• बंदीने ॲप जातं, सवय जात नाही.
• रेंज नसलेल्या वाड्यांसाठी इंटरनेटशिवाय चालणारे पर्याय आहेत.

फोन मुलांच्या हातात आला कसा?

घोड नदीवरचं डिंभे धरण, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. त्याचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जातं आणि तिकडे ऊस-भाजीपाला पिकतो. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र आदिवासी वाड्या, भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि कामासाठी नारायणगाव-मंचरकडे जाणारी माणसं. आहुपे, असाणे, गोहे अशा ठिकाणी शासकीय आश्रमशाळा आहेत. तिथली मुलं वसतिगृहात राहतात आणि बहुतेकांची फोनशी गाठ पडते ती सुट्टीत घरी आल्यावर.

हे चित्र बदललं मार्च २०२० नंतर. कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं आणि राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम आली. ज्या घरांनी फोन घेणं पुढे ढकललं होतं, त्यांनीही पोरांच्या शिक्षणासाठी तो घेतला. डोंगराआड रेंज मिळेना, तेव्हा मुलं टेकाडावर जाऊन धडे उतरवू लागली. शाळा पुन्हा भरली, पण फोन परत गेला नाही.

आकडे काय सांगतात?

'प्रथम' संस्थेचा 'असर २०२४' हा ग्रामीण भारताचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना पहिल्यांदाच फोनबद्दल सविस्तर विचारलं गेलं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता.

आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण २६.९ टक्के. म्हणजे घरातल्या एका फोनसाठी रांग लागते तेव्हा मुलगी बहुतेकदा मागे उभी असते. 'मोबाईलमुळे पोरं बिघडली' असं म्हणताना ज्या मुलीच्या वाट्याला फोन अभ्यासापुरताही येत नाही, तिचा विचार सहसा होत नाही.

गेममधून खरंच शिकता येतं का?

खेळातून शिकवण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने त्याचं नाव संत ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. सोंगटी पुढे सरकते तसा धडा मनात उतरतो. आजच्या भाषेत बोलायचं तर हा 'एज्युकेशनल गेम'च.

डिजिटल गेमचे पुरावेही आहेत. त्यातली तीन उदाहरणं पाहू.

टांझानिया, २०१९. 'ग्लोबल लर्निंग एक्सप्राइज' या स्पर्धेत सुमारे १७० खेड्यांतल्या जवळपास २,७०० मुलांना टॅब दिले गेले. त्यातल्या बहुतेकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ९० टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिली भाषेतला एक शब्दही वाचता येत नव्हता. टॅब सौरऊर्जेवर चार्ज व्हायचे. १५ महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आलं. विजेत्या दोन ॲपपैकी 'किटकिट स्कूल' हे तर खेळांच्या धर्तीवरच बांधलेलं होतं.

दिल्ली, २०१५. सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांपैकी काहींना लॉटरी पद्धतीने निवडून शाळेनंतरच्या केंद्रात 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर वापरायला दिलं गेलं. मुलाला काय येतं आणि काय येत नाही हे ओळखून ते पुढचा प्रश्न द्यायचं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या साधारण दुप्पट झाली.

खैराट, २००७. डिंभ्याच्या घाटाखालच्या रायगड जिल्ह्यात खैराट नावाचं छोटं गाव आहे. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या जिल्हा परिषद शाळेत झाला. शिक्षक एक, पहिली ते चौथीची वीसेक मुलं आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. त्यात चित्रं काढणं, फोटो घेणं, कोडी आणि खेळ होते. मोठ्या शहरांतल्या अनेक शाळांमध्ये संगणकाला हात लावायला मिळत नव्हता, त्या काळात हे घडत होतं.

पण याच उपक्रमाने एक धडाही दिला. पेरू देशाने असे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

का? कारण पेरूत प्रामुख्याने यंत्र पोहोचलं. दिल्ली-टांझानियात यंत्राबरोबर विचारपूर्वक बांधलेला अभ्यास पोहोचला: मूल कुठे अडतं हे ओळखणारा आणि तिथून हात धरून पुढे नेणारा. दिल्लीत तर शेजारी मदतीला माणूसही होता.

मग फ्री फायर, बीजीएमआय वेगळे कसे?

इथे इंजिनं सारखीच आहेत, गाडी वेगळ्या दिशेने जाते. शिकवणारा गेम आणि 'फुकट' गेम दोघंही एकच तंत्र वापरतात: छोटं आव्हान, लगेच बक्षीस, मग थोडं मोठं आव्हान. फरक आहे तो शेवटी काय मोजलं जातं यात.

शिकवणाऱ्या गेममध्ये मोजलं जातं, की मुलाला बेरीज आली का. आली, की तो विषय संपतो. फुकट गेममध्ये मोजलं जातं, की मुलगा किती वेळ थांबला, उद्या परत आला का आणि त्याने पैसे खर्च केले का. त्यामुळे तो गेम संपू नये अशीच त्याची रचना असते.

पैसे येतात ते साधारण तीन वाटांनी:

१. जाहिराती. 'आणखी एक जीव हवा? ३० सेकंदांची जाहिरात पाहा.'

२. गेममधली खरेदी. कपडे, बंदुकीची 'स्किन', हिरे, सीझन पास. एकेक रक्कम छोटी असते आणि ती रुपयांत न दिसता हिऱ्यांत दिसते. म्हणून किती खर्च झाला हे लक्षात येत नाही.

३. नशिबाची पेटी. पैसे देऊन चक्र फिरवायचं किंवा पेटी उघडायची. आत काय निघेल ते माहीत नाही. जत्रेतल्या चक्रीसारखंच हे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

याशिवाय रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटणार, मित्रांची टीम वाट पाहणार अशी बांधणी असते. 'पाच मिनिटांत येतो' म्हणणारं मूल दरवेळी खोटं बोलत नसतं. सुरू झालेली मॅच मध्येच सोडली तर टीम हरते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी बसतात.

याचा अर्थ हे गेम खेळणारं प्रत्येक मूल वाया जातं असा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार खेळाडूंची माहिती तपासली. किती तास खेळलं यामुळे मनःस्वास्थ्य चांगलं किंवा वाईट होतं, असा परिणाम त्यांना जवळपास दिसला नाही. स्वतःच्या आवडीने खेळणं आणि सोडवत नाही म्हणून खेळणं, हा फरक मात्र महत्त्वाचा ठरला.

डिंभ्यासारख्या ठिकाणी खरा धोका आहे तो एका फोनवरच सगळं असण्याचा. गेम आणि बँक खातं एकाच स्क्रीनवर, शेजारी-शेजारी. आईवडिलांना ॲप चालवताना मुलाचीच मदत लागते, त्यामुळे यूपीआय पिन अनेकदा मुलाला पाठ असतो. हिरड्याचे, दुधाचे किंवा मजुरीचे पैसे ज्या खात्यात येतात, तेच खातं गेमच्या 'खरेदी करा' बटणामागे असतं. शहरातल्या घरात दोन हजार गेले तर वाद होतो. इथे आठवड्याचा बाजार अडतो.

बंदी घातली की प्रश्न मिटतो?

आतापर्यंतचा अनुभव तसा नाही. जानेवारी २०१९ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत पबजीवर बंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्याच मार्चमध्ये हिंगोलीत रेल्वे रुळाजवळ पबजी खेळण्यात गुंग असलेल्या दोन तरुणांचा गाडीखाली मृत्यू झाल्याची बातमी आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. पण कारण होतं देशाची सुरक्षा आणि डेटा. मुलांचं आरोग्य नव्हे.

जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तो ॲप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण त्याची 'मॅक्स' आवृत्ती चालूच राहिली.

बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मात्र फोन वडिलांचा, सिम वडिलांचं आणि टाकलेलं वयही वडिलांचं असेल, तर गेमच्या दृष्टीने खेळणारा चाळिशीचा गृहस्थ असतो.

चीनने २०२१ मध्ये सर्वांत कडक नियम केला: अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच एक तास. त्यासाठी प्रत्येक खात्याला खरी ओळख जोडावी लागते. घरात एकच फोन असलेल्या ठिकाणी असा नियम राबवणं अवघड आहे.

२०२५ चा नवा कायदा काय म्हणतो?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. हा कायदा गेमचे तीन गट करतो:

• पैसे लावून खेळायचे खेळ: रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावले की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.
• ई-स्पोर्ट्स: स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता आणि प्रोत्साहन.
• सामाजिक आणि शैक्षणिक गेम: यांनाही प्रोत्साहन.

पैशांच्या खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कायदा मंजूर होताच मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कंपन्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गेममधली 'स्किन' किंवा हिरे विकत घेणं म्हणजे पैसे लावणं नव्हे. त्यामुळे घराघरांत होणारी ही खरेदी या बंदीत सरसकट येत नाही. ती अडवण्याची जबाबदारी अजूनही घरावरच आहे.

'व्यसन' कधी म्हणायचं?

सुट्टीत तीन तास खेळलं म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा दिल्या आहेत:

• खेळण्यावर ताबा राहत नाही.
• जेवण, झोप, शाळा, मित्र यांपेक्षा गेम वरचढ ठरतो.
• नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही किंवा वाढतच जातं.

हे साधारण वर्षभर चालू असेल आणि रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल, तरच तसं निदान होतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा तक्रारींसाठी २०१४ पासून खास क्लिनिक आहे.

जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एका किशोरवयीन मुलाच्या मृत्यूनंतर ऑनलाइन गेमची मोठी चर्चा झाली. अशा घटनांमागे क्वचितच एकच कारण असतं. पण मूल गप्प होणं, झोप उडणं, खोलीत कोंडून घेणं, फोन घेतल्यावर टोकाचं वागणं या खुणा दिसल्या तर रागावण्याआधी मदत घ्यावी. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, साधा फोन पुरतो.

रेंज नाही, मग करायचं काय?

अनेक चांगले पर्याय इंटरनेटशिवाय चालतात.

वाचनासाठी: गूगलचं 'रीड अलाँग' ॲप मार्च २०१९ मध्ये 'बोलो' नावाने हिंदी-इंग्रजीत आलं आणि नंतर मराठीतही मिळू लागलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलं तर शब्द सांगतं आणि तारे देतं. आठवडी बाजाराला घोडेगावला गेल्यावर गोष्टी डाउनलोड करून घेतल्या, की वाडीवर रेंज नसली तरी चालतं. जाहिराती नाहीत आणि काही विकतही नाही.

गेम बनवण्यासाठी: अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं 'स्क्रॅच' मोफत आहे. कोड टाइप करावा लागत नाही, रंगीत ठोकळे जोडायचे. शाळेतल्या एका संगणकावर ते एकदा घेतलं, की इंटरनेटशिवाय चालतं.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांकडे विषयांची कमतरता नाही. उसाच्या फडातून बिबट्या निघालाय, घरी सुखरूप पोहोचायचं आहे. कोणती वाट घ्यायची? एकटं जायचं की घोळक्याने? बॅटरी लावायची का? मुलांनी स्वतःच असा गेम रचला, तर त्यात गणित येतं, तर्क येतो आणि जीव वाचवणारी माहितीही येते.

आपत्तीचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांचा 'स्टॉप डिझास्टर्स' हा गेम मुलांना पूर, भूकंप, वणवा, चक्रीवादळ आणि त्सुनामीपासून गाव वाचवायला शिकवतो. त्यात दरड कोसळण्याचा खेळ नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली, त्या तालुक्यातल्या मुलांना नेमका तोच खेळ हवा आहे. तो दुसरीकडे कुणी बनवायची शक्यता कमी. इथल्याच मुला-शिक्षकांनी बनवला, तर डोंगराला भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, की कुणाला सांगायचं आणि कुठे पळायचं हे त्यातून शिकता येईल.

यात करिअर आहे का?

आहे, पण खेळण्यापेक्षा बनवण्यात जास्त. 'रिअल क्रिकेट' बनवणारी नॉटिलस मोबाईल आणि 'इंडस' बनवणारी सुपरगेमिंग या दोन्ही कंपन्या पुण्याच्या. ई-स्पोर्ट्सला २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पदकाचा दर्जा मिळाला. मात्र खेळून पोट भरणारे क्रिकेटसारखेच मोजके. गेम बनवायला प्रोग्रामर, चित्रकार, लेखक, संगीतकार असे कितीतरी जण लागतात.

पालकांनी आजच करायच्या पाच गोष्टी

१. यूपीआय पिन बदला आणि तो मुलांना सांगू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग करा.

२. वय खरं टाका. मुलासाठी वेगळं खातं काढून गूगलच्या मोफत 'फॅमिली लिंक'ने वेळ आणि ॲप ठरवा. ते जमत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांची मदत घ्या.

३. एकदा शेजारी बसून गेम पाहा. विचारा: 'यात पैसे कुठे लागतात? हा संपतो कधी?' मूल उत्साहाने सांगेल आणि तुम्हालाही गेम कळेल.

४. वेळ मॅचमध्ये ठरवा, मिनिटांत नको. 'दोन मॅच, मग बंद' हे 'अर्ध्या तासाने बंद'पेक्षा पाळायला सोपं जातं. आणि मुलीची पाळीही ठरवून द्या.

५. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा आणि बँकेला कळवा. मुलाला मारझोड केली, तर पुढच्या वेळी तो लपवेल. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे.

गेम चांगला की वाईट, याचं एकच उत्तर नाही. पण दोन प्रश्न विचारले की बरंच उलगडतं: हा गेम कमावतो कशावर, आणि खेळताना मुलाच्या शेजारी कोण आहे? पहिल्याचं उत्तर 'मुलाच्या वेळेवर आणि वडिलांच्या खात्यावर' असेल आणि दुसऱ्याचं 'कुणीच नाही' असेल, तर सावध व्हायला हवं. पहिलं उत्तर कंपनीच्या हातात आहे. दुसरं आज रात्री जेवणं झाल्यावर घरातच बदलता येतं.